मानशीच्या दारावरचे फोड

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, "सध्या काय करता?" मी सांगतो, गंज न धरणारे रंग बनवायच्या कारखान्यात केमिस्ट होतो, आता निवृत्त आहे. तो विचारतो, रंगात असं काय घालायचा? मी सांगतो, ग्राफीन आणि झिंक ऑक्साइड. मग तो भातावर वरण ओतून घेतो आणि म्हणतो, "म्हणजे पेन्सिल उगाळून." गेली कित्येक वर्षं हे ऐकतो आहे. आधी समजावून सांगायचो, मग नुसती मान हलवायचो. हल्ली उशिरा जातो आणि शेवटच्या पंगतीत कोपऱ्यात जेवून येतो.

संपादकांचा फोन आला, "गावसबाब, तुमच्या कामाविषयी दिवाळी अंकात लिहा, पण सोप्या भाषेत," तेव्हा मलाही सगळ्यात आधी पेन्सिलच आठवली. माझा मलाच राग आला. पण आता सुरुवात तिथूनच करतो, नाहीतर तुम्ही पुढे वाचायचे नाही.

पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक बसलेले लाखो पापुद्रे. त्यातला एकच पापुद्रा सुटा केला तर त्याला ग्राफीन म्हणतात. जाडी एका अणूची. त्यातून पाणी जात नाही, हवा जात नाही, मीठ जात नाही. रंगात असे पापुद्रे आडवे पसरले की बाहेरच्या खाऱ्या पाण्याला लोखंडापर्यंत सरळ पोचता येत नाही, वळसे घालत घालत यावं लागतं. लोखंड तेवढी जास्त वर्षं जगतं. आमच्या धंद्याचं सगळं गुपित एवढंच.

पण या ग्राफीनला दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे सुटे केलेले पापुद्रे परत एकमेकांना चिकटतात. पिठी न लावता लाटलेल्या कच्च्या पोळ्या एकावर एक ठेवल्या तर जे होतं तेच. दुसरी खोड जास्त वाईट. ग्राफीनमधून वीज वाहते. रंगाला कुठे चरा पडला, खालचं लोखंड उघडं झालं आणि तिथे खारं पाणी लागलं, की हे ग्राफीन लोखंडाला वाचवायचं सोडून उलट जास्त गंजवतं. राखण करायला ठेवलेलाच चोराला सामील. म्हणून पापुद्र्यांवर झिंक ऑक्साइडचे बारीक कण चढवायचे. झिंक ऑक्साइड म्हणजे पांढरी पूड, पोरांना घामोळं आलं की जे गुलाबी औषध लावतात त्यात असते ती. हे कण पापुद्र्यांमधली पिठी होतात, पापुद्रे चिकटत नाहीत आणि वीजही एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. शिवाय उन्हातला जो भाग रंगाला खातो तो हे कण शोषून घेतात. पण यांचाही एक दोष आहे. ऊन खाऊन हे कण स्वतःच रंगाला बांधून ठेवणारी भोवतालची राळ कुरतडायला लागतात आणि रंगाची भुकटी सुटते, म्हणून वरून साध्या रंगाचा एक हात द्यावाच लागतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच दोषाचं कौतुक होतं. कपड्याच्या रंगाचं पाणी घ्यायचं, त्यात ही पूड घालून उन्हात ठेवायचं, संध्याकाळपर्यंत पाणी निवळतं. एकाच्या घरचा दोष दुसऱ्याच्या घरी गुण.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि गिऱ्हाइकं ऐकायची नाहीत. मिश्रणाचा रंग राखाडी, दुसरा होऊच शकत नाही. काळं आणि पांढरं मिसळल्यावर काय होणार? तरी दहातले सात जण विचारायचे, क्रीम कलरमध्ये नाही का? शिरगावच्या एका टिप्परवाल्याने तर माझं डोकं उठवलं होतं. खाणी सुरू झाल्या म्हणून त्याने गाडीचा हौदा रंगवायला काढला आणि हट्ट धरला की पूड दुप्पट घाला, पैसे देतो. मी म्हटलं, अरे बाबा, किलोभर रंगात चमचाभर पुरे, जास्त झाली की गोळे होतात आणि गोळ्यांच्या कडेने पाणी आत शिरतं. त्याला वाटलं मी कंजूषपणा करतो. कुठून तरी पूड मिळवून त्याने स्वतःच ती ढवळली, आणि एका पावसात हौद्याला भोकं पडल्यावर मलाच शिव्या घालायला आला.

हळर्णचे एक गृहस्थ त्याच्याही वर. निवृत्त मास्तर, बोलायला गोड. त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं की हे मिश्रण जंतू मारतं. ते खरंही आहे. तेवढ्यावर ते दोन बस बदलून, म्हापशाला तासभर ताटकळून कारखान्यात आले आणि म्हणाले, "बाब, पावकिलो दी. बांयत घालतां." म्हणजे विहिरीत टाकणार आणि घरातली सगळी माणसं ते पाणी पिणार. मी अर्धा तास घसा कोरडा केला. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, "बरां, मगीर शंभर ग्राम तरी?"

अशा लोकांवर मी आयुष्यभर करवादलो. हे लोक वाचत नाहीत, ऐकत नाहीत, पृष्ठभाग स्वच्छ करत नाहीत, आणि रंग उडाला की केमिस्टला धरतात. माझं हे मत पक्कं होतं, आणि एका माणसाच्या बाबतीत ते फार महागात पडलं. मला नव्हे, त्याला. खरं तर त्याच्याविषयीच लिहायचं आहे, पेन्सिल आणि विहीर मी उगाच लांबवत बसलो.

त्याचं नाव सगुण धुरी. गोव्याच्या सीमेपलीकडचा, दोडामार्ग तालुक्यातला. रोज मोटरसायकलने डिचोलीला यायचा. आमचा रंग फवारणं हे कोणाचंही काम नव्हे. थर जाड झाला तर तडकतो, पातळ झाला तर उपयोग नाही. म्हणून कंपनी निवडक पेंटरांना शिकवून कार्ड द्यायची, आणि कार्ड असल्याशिवाय कंत्राटदार त्यांना आमच्या रंगाला हात लावू देत नसत. सगुणचं कार्ड सगळ्यात जुनं. बोलायला कमी, कामाला चोख. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत असू, तरी हा पांढरे सुती हातमोजे घालून उभा. त्याची बायको ते रोज धुवून द्यायची. त्याला दुसरी मोठी कामं मिळायची तीही या कार्डाच्या आणि नावाच्या जोरावर. मुलगी शिकत होती, घराचं काम अर्ध्यावर होतं, आणि हे सगळं त्याच्या दोन हातांवर चाललं होतं.

पेडणे तालुक्यातल्या एका खाजन गावातून काम आलं. ज्यांनी खाजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीकाठची शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घालतात आणि बांधात पाण्याचं दार ठेवतात. त्याला मानस म्हणतात. भरती आली की दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. पूर्वी ही दारं लाकडाची असत. हल्ली चांगलं लाकूड मिळत नाही, म्हणून गावाने लोखंडाचं दार करायचं ठरवलं. अर्धा दिवस खाऱ्या पाण्यात, अर्धा दिवस उन्हात. आमच्या रंगाची याहून मोठी परीक्षा नव्हती. मालक म्हणाले, "गावसबाब, हे काम नीट झालं की खाडीकाठचं प्रत्येक गाव आपलं." मी स्वतः जायचं ठरवलं.

दार बांधावरच जोडलं होतं, चार लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलेलं. सकाळी सातला सगुणने दाबाच्या हवेने कच, म्हणजे बारीक टोकदार खडी, मारून लोखंड पांढरंफेक केलं, गोड्या पाण्याने धुतलं, सुकवलं. असं उघडं केलेलं लोखंड खाडीच्या हवेत तीन-चार तासांपेक्षा जास्त टिकत नाही, लालसर व्हायला लागतं. त्याआधी पहिला हात बसलाच पाहिजे. मी घड्याळ लावून बसलो होतो आणि तेवढ्यात गाव आलं.

गाव म्हणजे वीस-पंचवीस माणसं, पुढे आबा, शेतकरी मंडळाचे म्हातारे प्रमुख. हातात नारळ, फुलं, उदबत्त्या. गावची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, सांगितल्याशिवाय मानशीला नवं दार बसवायचं नाही, हा त्यांचा रिवाज. रिवाजाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मीही डिचोलीचाच, काम सुरू करताना नारळ फोडल्याशिवाय मलाही चैन पडत नाही. पण आबांनी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, सुरू केलं ते संपेचना. "बा देवा राखणदारा, आज ह्या मानशीक नवां दार बसता, म्हाराजा." मागून सगळे, "व्हय म्हाराजा." गावच्या चारी सीमांवरचे देव झाले, बांध ज्यांनी घातला ते पूर्वज झाले, मुंबईला असलेले गावकार झाले, दुबईला असलेले झाले. प्रत्येक नावाला व्हय म्हाराजा. मी घड्याळाकडे बघतोय, सगुण लोखंडाकडे बघतोय. नऊ वाजले, साडेनऊ वाजले.

शेवटी आबांनी नारळ माझ्या हातात दिला. "सर, तुमीच फोडात. काम तुमचां, मान तुमचो."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी फोडायला दगड बघू लागलो, तर बांधावर सगळीकडे चिखल. एक माणूस म्हणाला, "हांगा फातर खंय मेळटलो?" मग मी दाराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर, जाड पट्टीच्या कडेवर नारळ आपटला. एका घावात दोन भकलं. पाणी उडालं, सगळ्यांना आनंद झाला. आबा म्हणाले, देवान मानून घेतलां.

सगुण माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "सर, पाणी उडाला हा. तो कोपरो परत धुवक व्हयो."

मी म्हटलं, "वाजले किती बघ. धुवायचं, सुकवायचं म्हणजे आणखी तास. तोवर सगळं दार लाल होईल. फडक्याने पूस आणि सुरू कर."

मग त्याने नवं फडकं काढलं, कोपरा तीनदा पुसला आणि फवारणी सुरू केली. दुपारी जेवताना त्याने हातमोजे काढले नाहीत, म्हणाला दुसरा हात द्यायचाय, मध्ये बोटं लागायला नकोत. चमच्याने भात-हुमण खाल्लं. हातमोजे घालून माशाचे काटे काढताना त्याची जी तारांबळ उडाली ती बघून सगळे हसले. मीही हसलो.

गणेशचवथीच्या सुमारास आबांचा फोन आला. दाराला फोड आलेत. मी धावलो. बाकी दार आरशासारखं, फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात पाण्याने भरलेले फोड. कडेपाशी मोठे, वर जाताना बारीक होत गेलेले. काही फुटले होते आणि आत लोखंड काळंतांबडं झालं होतं. रंगाखाली क्षार राहिले की हे होतं. क्षार बाहेरचं पाणी ओढून घेतात आणि रंग उचलला जातो. ग्राफीनचे कितीही वळसे घाला, पाण्याला आतूनच आमंत्रण असेल तर ते पोचतंच.

तुम्हाला इथे कळलं असेल. मला कळलं नाही, मी केमिस्ट ना. मी खाडीचे शिंतोडे म्हटले, पण ते एका कोपऱ्यावरच कसे उडतील? मग माझ्या डोक्याने सगळ्यात सोपी वाट धरली. घाम. कोणीतरी तिथे उघडा हात टेकवला, घामातलं मीठ राहिलं. आणि त्या लोखंडाजवळ दिवसभर कोण होतं? पेंटर. लोखंडाला काय लागू द्यायचं नाही त्याच्या आमच्या यादीत तेल, मीठ, धूळ, घाम, बिडीची राख, सगळं लिहिलेलं होतं. नारळ नव्हता. ज्यांनी यादी केली ते सगळे काम सुरू करताना नारळ फोडणारे. मीही त्यांतलाच, यादीवर माझीच सही. नारळामुळे काम बिघडेल हे आमच्यापैकी कोणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

मालकांना गावाला उत्तर द्यायचं होतं. मी अहवाल लिहिला. "पेंटर श्री. सगुण लक्ष्मण धुरी यांनी हातमोज्यांशिवाय पृष्ठभाग हाताळल्यामुळे." "असावं" हा शब्द मी आधी लिहिला होता. मालक म्हणाले असावं-नसावं नको, गिऱ्हाइकाला नक्की सांगावं लागतं. मी तो खोडला.

सगुणला बोलावून कार्ड परत घेतलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, हातमोजे काढूचे नाय म्हणान मी चमच्यान जेवलंय. तुमी हसलास." एवढंच. नारळाचं तो काही बोलला नाही. मी मोठा, मी सांगितलं पुसायला, आणि मालक समोर बसलेले. आता वाटतं, तो मला संधी देत होता. तेव्हा वाटलं, गडी उलट बोलतोय.

कंपनीने कार्ड काढून घेतलं ही बातमी आमच्या धंद्यात एका आठवड्यात म्हापशापासून वास्कोपर्यंत पोचते. दुसऱ्या कंपन्यांनीही त्याला उभं केलं नाही.

फोडांतलं पाणी मी सुईने काढून तपासायला पाठवलं होतं. त्याचा निकाल अहवालानंतर आला. त्यात सोडियमपेक्षा पोटॅशियम कितीतरी जास्त लिहिलं होतं. समुद्राच्या पाण्यात सोडियम जास्त, घामातही सोडियम जास्त. हे उलटं कसं? मी प्रयोगशाळेला फोन करून त्या पोरीला झाडलं की तुम्ही आकडे उलटेपालटे लिहिता. ती म्हणाली, सर, दोनदा केलं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा शिका. आणि तो कागद खणात टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात मला जुलाब झाले, तीन दिवस अंथरुणावर. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आलाय, आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी घ्या, मीठ-साखरेचं घेताच आहात, पण आडसरात पोटॅशियम भरपूर असतं. बायकोने आडसर सोलून आणला. पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. ती म्हणाली, "कितें जालें? आंबलां काय?" मी म्हटलं, नाही, पाणी चांगलंय. तिला काय सांगणार? मला त्या चिखलाचा वास आला, सगुणचा हळू आवाज आला. धुवक व्हयो. मी आजारी होतो म्हणून रडलो असं ती अजून समजते.

बरा झाल्यावर आधी खात्री केली. लोखंडाचे तीन तुकडे घेतले. एक स्वच्छ, एकावर घामेजलेला तळवा दाबला, एकावर नारळाचं पाणी शिंपडून फडक्याने तीनदा पुसलं. तिन्हींवर आमचा रंग दिला आणि मिठाच्या पाण्याचा फवारा सोडणाऱ्या पेटीत ठेवले. काही आठवड्यांनी नारळाच्या तुकड्यावर फोड आले. कडेला मोठे, वर बारीक. घामाच्या तुकड्यावर दोन-चार टिंबं, बस.

तुकडे घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी ते उन्हात धरून पाहिले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "गावसबाब, गावाने दार परत रंगवून घेतलंय, ते खूश आहेत, दोन नवीन गावांची कामं आलीत. आता मी लिहून देऊ की देवाच्या नारळाने रंग बिघडला? आणि तो आमच्या केमिस्टने फोडला? उद्या पेडण्यात पाय ठेवायला मिळेल?"

"नारळाला दोष नाही," मी म्हटलं. "धुवायला नको म्हटलं तो दोष."

"ते तुम्हाला आणि मला. वाचणाऱ्याला नारळच दिसेल."

शेवटी त्यांनी एक पत्र दिलं. सगुण धुरी यांचं कार्ड पूर्ववत करण्यात येत आहे, फोड "अनवधानाने सांडलेल्या बाह्य द्रवामुळे" आले होते. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. पत्र खिशात घालून मी त्याच्या गावी गेलो. बायको दारात आली, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. तो म्हापशाला कामाला जातो एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी म्हापसा. नेमका शुक्रवार, बाजाराचा दिवस, बसस्टँडवरून बाहेर पडायलाच मिरच्या, चवळी आणि सुक्या मासळीच्या पाट्यांमधून अर्धा तास. विचारत विचारत गेलो, तर एका इमारतीच्या आवाराच्या भिंतीला तो रोलरने पांढरा रंग लावत होता. ज्याच्या हाताला केसाएवढ्या थराचा अंदाज होता, तो सिमेंटच्या भिंतीवर रोलर फिरवत होता. हातांत मोजे नव्हते. सिमेंटला काय गरज?

मी म्हटलं, "सगुण, तुझी चूक नव्हती."

"ता माका म्हायत आसा," तो म्हणाला.

मी पत्र दिलं. त्याने हात पँटला पुसले, सावकाश वाचलं. "बाह्य द्रव म्हंजे काय, सर?"

"नारळाचं पाणी."

"मग तसा लिवक काय झाला?"

मी मालकांचं म्हणणं सांगितलं, गाव, कामं, देव. सांगताना माझं मलाच ऐकवेना. त्याने कागदाची घडी घातली. "आदल्या कागदार माझा नाव होता, सर. बापाशीच्या नावासकट. ह्या कागदार कोणी सांडला त्याचा नाव नाय. लोकांनी काय समजाचा? सगुणानच कायतरी सांडल्यान."

घडी माझ्या हातात परत दिली आणि रोलर उचलला. मी बसस्टँडकडे वळलो. परतीच्या बसमध्ये मला फक्त संताप आला, आधी मालकांचा, मग त्याचा, की एवढं करून आलो तरी याचं समाधान नाही. डिचोली येईपर्यंत तो संताप कुठे टाकावा ते कळेना, कारण टाकायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. श्रीफळ हातात दिलं तेव्हा मालकांनी माझी नजर टाळली. घरी आल्यावर मी साधा कोरा कागद घेतला. कंपनीचं नाव घालायचा मला अधिकार नव्हता, म्हणून फक्त माझं घातलं. मी, रामनाथ विष्णू गावस, केमिस्ट. मानशीच्या दारावर कच मारून झाल्यावर मी नारळ फोडला, पाणी लोखंडावर उडालं, पेंटर सगुण लक्ष्मण धुरी यांनी परत धुवायला हवं असं सांगितलं, मी धुवू दिलं नाही, फोड त्यामुळे आले, अहवालात मी त्यांच्यावर घातलेला दोष खोटा आहे. खाली सही आणि फोन नंबर. पोस्टाने पाठवला. उत्तर आलं नाही, आणि येईल अशी अपेक्षा करण्याचं मला तोंडही नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी अनोळखी फोन आला. बोटींना रंग द्यायचं काम करणारा कोणी कंत्राटदार होता, वास्कोकडचा. म्हणाला, "हांगा एक पेंटर आयला, सगुण म्हणून. कार्ड ना, पूण एक कागद दाखयता. सही तुमची. खरी मरे?"

"खरी."

"म्हणजे नारळ तुमी फोडलो? केमिस्टान?"

"मीच फोडला."

तो हसायला लागला. हसता हसता त्याने तिथल्या कोणाला तरी सांगितलं, मग तोही हसला. मी फोन कानाला धरून थांबलो. जरा वेळाने तो म्हणाला, "सॉरी हां, बाब. मगीर घेवं ह्याका कामार?"

"घ्या," मी म्हणालो. "आणि तो कागद त्याला परत द्या. पुढच्या ठिकाणी लागेल."